ज्यांची शिळा नाही

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हणालो. आम्ही सूतगिरणीतला कामगार माणूस. शाळा अर्ध्यात सुटली, पुढचे जे काही वाचले ते रात्रपाळीहून आल्यावर, डोळे चोळत. तेव्हा विद्वानांसारखे भाषण आमच्याकडून होणार नाही. पण एक विषय बरीच वर्षे मनात सलतो आहे, तो आपल्या माणसांपुढे मांडावा म्हणून उभे राहिलो. विषय आहे युद्धाचा. युद्धात किती माणसे मेली याचा हिशेब होतो. पण माणसांबरोबर आणखी काय काय मरते, त्याचा हिशेब कोण ठेवतो?

तुम्ही म्हणाल, कडेगावात कुठले आले युद्ध? इथे ना बॉम्ब पडला ना रणगाडा आला. बरोबर आहे. पण युद्ध आमच्या घरात आले होते, मंडळी. पत्र्याच्या ट्रंकेत बसून आले होते. तिथूनच सुरुवात करतो.

आमचा आजा जलशात गायचा. बाबासाहेबांची चळवळ खेड्यापाड्यांत पोचली ती आधी छापील कागदाने नाही, गाण्याने पोचली. आमच्या माणसांना अक्षरओळख नव्हती, पण कान होते. नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या जलशाचे नाव तुम्ही ऐकले असेल. तसे मोठे नाव नसलेले, चार-सहा माणसांचे जलसे गावोगाव होते. आमच्या आज्याचा तसाच. एक ढोलकी, एक तुणतुणे, झांजा, आणि कवने लिहिलेली एक वही. वही म्हणजे बाजारातून आणलेले कागद सुईदोऱ्याने शिवलेले. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबायचे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात गायचे. मेलेले ढोर ओढू नका, पोरांना शाळेत घाला, हे भाषणातून सांगितले तर माणसे जांभया देतात. तेच गाण्यातून सांगितले की दुसऱ्या दिवशी बाया जात्यावर म्हणायला लागायच्या.

दुसरे महायुद्ध सुरू झाले. आपल्या लोकांना लष्कराचे दार पूर्वी उघडे होते, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बंद झाले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली आणि १९२१ साली मोडून टाकली. गरज सरो नि वैद्य मरो, अशातली गत. ते दार पुन्हा उघडावे म्हणून बाबासाहेब झटले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. पुढच्या वर्षी कामठीला दुसरी. त्या दुसऱ्या बटालियनमध्ये आमचा आजा भरती झाला. ती बटालियन ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर गेली.

आम्हाला त्याचा अभिमान आहे, हे आधी सांगतो. लष्कराने आपल्याला अंगावर वर्दी दिली, पगार दिला, शिक्षण दिले. सुभेदार रामजी लष्करी शाळेत मास्तर होते, म्हणून त्यांच्या घरात पुस्तक होते. ते पुस्तक नसते तर आज हा विहार असता का, याचा विचार करा. तेव्हा फौजेत गेलेल्या माणसाला नावे ठेवायला आम्ही उभे नाही. आमचे म्हणणे युद्धाबद्दल आहे, जवानाबद्दल नाही.

आजा ब्रह्मदेशात होता तेव्हा इकडे आपल्या भागात प्रतिसरकार चालू होते. कडेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच. जलशातले बाकीचे गडी पोटापाण्यासाठी मुंबईला गिरण्यांत गेले. लढाईमुळे गिरण्यांना कपड्याची मागणी होती, हात लागत होते. ढोलकीवाला गेला, झीलकरी गेले. वही आज्याने आपल्याबरोबर ट्रंकेत नेली होती. लढाई संपल्यावर आजा परत आला, ट्रंक आली, वही आली नाही. भिजली, हरवली की कुठे टाकावी लागली, कुणी विचारले तर तो उत्तर द्यायचा नाही.

आणि आजा परत गायला नाही. लोक म्हणायचे, म्हणा की एखादं जुनं. तो म्हणायचा, "आठवत न्हाई." आजी म्हणायची, "समदं आठवतंय त्याला. गळ्यातनं निघत न्हाई, एवढंच."

आमच्या आज्याला गोळी लागली नाही. सरकारी कागदात तो धडधाकट परत आला. पण सोबत्यांसह एक जलसा त्या लढाईत गेला. त्याची नोंद कुठल्या दप्तरात आहे?

आता जरा गावाकडे बघा. आपल्या सातारा-सांगली भागात बहुतेक जुन्या गावांत मारुतीच्या देवळापाशी वीरगळ सापडतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत पूजा करणारा वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य असेतोवर याचे नाव राहील. पण बहुतेकांवर नाव कोरलेलेच नाही! चंद्र-सूर्य आहेत आणि नाव गेले. कुठे त्याला शेंदूर फासून देव केला, कुठे धुणे आपटायला घेतला, कुठे पायरीला लावला. तो कोण होता, कुणासाठी लढला, जातीने कोण होता, काही माहीत नाही. उलट भीमा कोरेगावच्या स्तंभावर नावे कोरली, त्यांत आपली बावीस नावे आहेत, म्हणून ती दोनशे वर्षे टिकली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि त्या नावांनी आपल्याला पाठीचा कणा दिला. कोरलेल्या अक्षरात एवढी ताकद असते.

पण स्तंभावरसुद्धा माणसाचे नाव असते. त्या माणसाला कुठली गाणी येत होती, कुठल्या झाडपाल्याची माहिती होती, कुठली गोष्ट तो नातवाला सांगणार होता, हे दगडावर कसे येणार? पंचविशीतला गडी लढाईत मरतो तेव्हा त्याच्याकडून पुढे जायचे ते सगळे थांबते. आम्ही गिरणीत रोज बघतो. चातीवरचे सूत तुटले तर हाताने जोडता येते, त्यात काही मोठे नाही. पण मागून येणारा पेळूच संपला, तर जोडायला काहीच उरत नाही. परंपरेचेही तसेच आहे. तुटलेली जोडता येते, पण मागचा माणूस शिल्लक पाहिजे.

हे आम्ही मनचे सांगत नाही. बौद्ध जगताचा इतिहास बघा.

इथून एसटीत बसा, कराडला उतरा, आगाशिवचा डोंगर चढा. जखिणवाडीच्या बाजूला साठाहून अधिक लेणी आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासची. चैत्य आहे, स्तूप आहे, भिक्खूंचे दगडी ओटे आहेत. दगड जागच्या जागी राहिला, पण राहणारे गेले. मग शेकडो वर्षे महाराष्ट्रभर लोक अशा लेण्यांना पांडवलेणी म्हणत राहिले. एका रात्रीत पांडवांनी कोरली, अशा गोष्टी तयार झाल्या. सांगणारा उरला नाही की दगड मुका होतो, आणि मुक्याच्या तोंडी कुणीही काहीही घालते.

दुसरीकडे अफगाणिस्तानात बामियानला सहाव्या शतकातल्या दोन बुद्धमूर्ती डोंगरात उभ्या होत्या. एक ५५ मीटर, एक ३८ मीटर. वर्षानुवर्षांच्या युद्धाने तो देश आधीच खिळखिळा झाला होता. मार्च २००१ मध्ये तालिबानने सुरुंग लावून त्या उडवल्या. आपण इथे निषेध केला, मोर्चे काढले. पण एक गोष्ट आम्हाला नंतर वाचनात आली. त्या खोऱ्यातले हजारा लोक मुसलमान आहेत. त्यांनी त्या मूर्तींना आपली नावे दिली होती, सलसाल आणि शहमामा, आणि त्या दोघांची प्रेमकथा ते पोराबाळांना सांगत. म्हणजे बुद्ध कोण हे विसरले होते, तरी मूर्ती त्यांच्या घरातल्या झाल्या होत्या. त्या मूर्तींबरोबर त्या गरीब मुसलमानांचीही ठेव गेली. हे आपल्या मोर्च्यात कुणी बोलले नाही, आम्हीही बोललो नाही.

तिसरे उदाहरण कंबोडियाचे. तिथे १९७५ पूर्वी साठ हजारांच्या आसपास भिक्खू होते. यादवी युद्ध झाले, मग १९७५ ते १९७९ ख्मेर रूजची राजवट आली. भिक्खूंची चीवरे उतरवली, अनेकांना ठार केले, विहारांचे तुरुंग आणि कोठारे केली, ग्रंथ जाळले. दरबारी नृत्य शिकवणारे गुरू बहुतेक मारले गेले किंवा उपासमारीत गेले. अंगकोरची दगडी मंदिरे मात्र उभीच होती! जगाने बघायला जायचे ते शाबूत, आणि वंदना म्हणणारा गळा नाही. १९७९ साली राजवट पडल्यावर पहिल्यांदा सात जणांना पुन्हा उपसंपदा दिली गेली. सातच. पण त्या सातांपासून संघ परत उभा राहिला. वाचलेल्या मोजक्या नर्तकींनी अनाथ मुलींना उभे करून हाताची मुद्रा शिकवायला सुरुवात केली. पुस्तक नव्हते, त्यांचे हात होते.

आणि नालंदा! बख्तियार खिलजीने जाळले, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पुढचे थोडे ऐका. त्या विध्वंसानंतर तीसेक वर्षांनी, १२३५ च्या सुमारास, तिबेटहून धर्मस्वामी नावाचा एक भिक्खू शिकायला तिथे आला. ओसाड पडलेल्या त्या जागी नव्वदी ओलांडलेले एक वृद्ध आचार्य, राहुलश्रीभद्र, सत्तर विद्यार्थ्यांना व्याकरण शिकवत बसले होते. फौज येते आहे अशी बातमी आली. विद्यार्थी पळाले. धर्मस्वामीने त्या म्हाताऱ्या गुरूला पाठीवर घेतले आणि एका देवळात नेऊन लपवले. फौज निघून गेल्यावर शिकवणी पुन्हा सुरू झाली. मंडळी, विद्यापीठ पाठीवर मावते तोपर्यंत ते संपलेले नसते. पण पाठ देणारा पाहिजे.

आता एक कडू गोष्ट. युद्धात नेहमी दुसरेच जाळतात आणि आपण रडतो, असे नाही. श्रीलंकेत १ जून १९८१ च्या रात्री जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले. सत्त्याण्णव हजारांच्या आसपास पुस्तके आणि तमिळ ताडपत्रे राख झाली. जाळणाऱ्या जमावात पोलीस होते आणि तो जमाव बुद्धाला वंदन करणाऱ्या समाजातला होता. पुढे १९९८ साली तमिळ वाघांनी कँडीच्या दंतधातू विहारापुढे स्फोट घडवला. त्यांनी यांचे जाळले, यांनी त्यांचे फोडले. पंचशील तोंडाने म्हणणाऱ्याचेही हात पेटतात, हे आपण मान खाली घालून कबूल केले पाहिजे. दिव्याखाली अंधार असतोच.

म्हणून सम्राट अशोक आम्हाला मोठा वाटतो. कलिंग जिंकल्यावर त्याने तेराव्या शिलालेखात काय कोरले? दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली, आणि त्याहून कितीतरी मेली. इथपर्यंत आकडे झाले. पण तो पुढे लिहितो की तिथे श्रमण, ब्राह्मण, गृहस्थ राहत होते, आईबापांची, वडीलधाऱ्यांची सेवा करणारे, मित्रांशी, नोकरचाकरांशी नीट वागणारे. त्यांचीही ताटातूट झाली. आणि जे स्वतः वाचले त्यांनाही जिवलगांच्या दुःखाचा घाव बसला. म्हणजे त्याला कळले होते की युद्धात माणूस मरतो आणि माणसामाणसांतली रीतही मरते. जिंकलेल्या राजाने स्वतःच्या विजयाचा पश्चात्ताप दगडावर कोरून ठेवला, असे दुसरे उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

इथे कुणी तरुण विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की काका, परंपरा गेल्याचे तुम्ही रडता, पण बाबासाहेबांनीच तर आपल्याला जुन्या परंपरा सोडायला सांगितल्या! खरे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण घरातले देव नदीत सोडले. पोतराज बंद केला, मुरळी सोडणे बंद केले, गावकी नाकारली. त्याबद्दल आम्हाला तीळभर खंत नाही. परंपरा आहे म्हणून ती चांगली, असे आम्ही म्हणत नाही. गळ्यातले मडकेही परंपराच होती!

मग फरक काय? आपण जे सोडले ते विचार करून, सभा घेऊन, एकमेकांना पटवून, आपल्या हाताने सोडले. आणि सोडताना त्या जागी काहीतरी ठेवले, वंदना ठेवली, विहार ठेवला, पुस्तक ठेवले. युद्ध विचारत नाही. टाकाऊ काय आणि ठेवायचे काय, ते निवडायला वेळ देत नाही. मडके नेते तसे जलसाही नेते. आज्याची वही कुणी सभा घेऊन टाकायची ठरवली नव्हती.

आपल्या गावचेच बघा. कडेगावचा मोहरम बघायला लांबून माणसे येतात. गगनाला भिडणारे ताबूत, हिंदूंचे आणि मुसलमानांचेही, एकमेकांच्या भेटीला येतात. मूळ आठवण कसली? इ.स. ६८० साली करबलाच्या मैदानात झालेल्या लढाईची. एका घराण्याची कत्तल झाली, ती आठवण चौदाशे वर्षांनी आपल्या गावात बांबू आणि रंगीत कागद घेऊन उभी राहते, आणि तिला खांदा द्यायला हिंदूही येतो. युद्धाने दिलेल्या जखमेतून भावकी उभी करता येते, याचा हा पुरावा आपल्या दारात आहे. त्या ताबुतांची बांधणी कळस आधी आणि पाया नंतर अशी. ती विद्या हातातून हातात येते. करोनाच्या साथीत मिरवणुका थांबल्या, पण बांधणारे हात घरोघरी होते, म्हणून नंतर ताबूत पुन्हा उभे राहिले. ते हातच नेले असते तर? किंवा या गल्लीने त्या गल्लीकडे बघायचेच सोडले असते तर?

आम्हाला भीती वाटते ती इथे. अलीकडे टीव्हीवर आणि मोबाईलवर युद्ध एखाद्या क्रिकेटच्या सामन्यासारखे दाखवतात. आपली पोरेही ओरडतात, उडवा, संपवा. ज्याच्या घरातला पोरगा सीमेवर आहे ती बाई मात्र ओरडत नाही, ती फोनकडे बघत बसते. तिला विचारा युद्ध म्हणजे काय.

आता शेवटचे, आणि हे आमच्या स्वतःच्या गुन्ह्याबद्दल आहे. वही गेली, आजा गायचा थांबला, पण आजी होती. जलशातली बरीच कवने तिला जात्यावर येत होती. आम्ही वीस वर्षांचे होईतोवर ती जिवंत होती. मुंबईची गिरणी १९८२ च्या संपात सुटल्यावर वडील गावी आले होते, ते म्हणायचे, तुला लिहायला येतंय, आजीकडनं उतरून घे. आम्ही म्हणायचो, घेऊ, घाई काय आहे? आम्हाला तेव्हा चळवळीची मोठी पुस्तके वाचायची होती, म्हातारीच्या गाण्यात काय आहे असे वाटायचे. एका पावसाळ्यात ती गेली. आज आम्हाला दोन कवनांचे धृपद आठवते, पुढचे कडवे नाही. युद्धाने जेवढे नेले त्यातले उरलेले आम्ही आळसाने घालवले. हे सगळे खापर लढाईवर फोडून आम्ही मोकळे होऊ शकत नाही.

म्हणून वर्धापनदिनाच्या निमित्ताने समितीपुढे आमच्या तीन मागण्या आहेत. विहाराच्या कपाटात एक जाड वही ठेवावी. पहिल्या भागात आपल्या वस्तीतून कुठल्याही पलटणीत, कुठल्याही लढाईत गेलेल्यांची नावे लिहावीत, परत आलेले आणि न आलेले. नावापुढे तो माणूस काय काय करायचा तेही लिहावे, गायचा, दोर वळायचा, हाडे बसवायचा, जे असेल ते. दुसऱ्या भागात सत्तरीच्या पुढच्या बायांना येणारी गाणी, ओव्या, पाळणे उतरवून घ्यावेत. मोबाईल सगळ्यांकडे आहे, पोरांनी आवाज भरून घ्यावा आणि मोठ्यांनी लिहावे. आणि तिसरे, गावातल्या वीरगळी कुठे पडल्या आहेत त्या शोधून, पंचायतीला आणि सगळ्या आळ्यांना बरोबर घेऊन, स्वच्छ करून उभ्या कराव्यात. नाव नसले तरी तो कुणाचा तरी आजा आहे. यातल्या दुसऱ्या कामाला आम्ही लागलो आहोत. आठवडी सुट्टीला तीन म्हाताऱ्यांकडे जाऊन बसतो. त्या आधी लाजतात, मग थांबत नाहीत.

आज्याने लढाईची एकच गोष्ट आम्हाला सांगितली होती. ब्रह्मदेशात एका गावात त्यांची तुकडी शिरली. पॅगोडाचे छप्पर उडालेले, भिंत पडलेली, आत पांढरी मूर्ती. बुद्धाची मूर्ती त्याने पहिल्यांदा तिथे पाहिली, धर्मांतराच्या दहा-बारा वर्षे आधी. ही मूर्ती कुणाची ते त्याला कळले नाही. आणि एक म्हातारी त्या पडक्या जागी खराट्याने झाडत होती. यांना बघून ती घाबरली नाही, की थांबली नाही. "विटकराचा ढीग बाजूला सारला आन् मूर्तीपुढची जागा तेवढी झाडली तिनं," आजा म्हणायचा. नागपूरनंतर गावात वंदना सुरू झाली, तेव्हा आमच्या वस्तीतली जागा रोज पहाटे कोण झाडायचे, ते जुन्या माणसांना विचारा. आजा गायला नाही, पण खराटा त्याने शेवटपर्यंत सोडला नाही.

आमचे बोलणे लांबले, क्षमा असावी. वहीचे पहिले पान आज लिहून मगच घरी जावे, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!